खाजणीची ओळ

१

कोपरला पश्चिमेच्या अंगाला, खाडीकडे जाताना, सात-सात मजल्यांच्या इमारतींमध्ये एक बैठं घर अजून उभं आहे. कौलं जाऊन पत्रे आले, अंगणात फरशी आली, पण घर तेच. त्या घरात सगुणाची सकाळ गेली एकोणतीस वर्षं एकाच क्रमाने उजाडते. आधी कुत्र्यांचं पाणी बदलायचं. मग तांदळाच्या कण्या आणि सुकट एकत्र शिजवायची. ते निवेपर्यंत, अलीकडची सहा वर्षं, सासऱ्यांचं तोंड धुवायचं, त्यांना चहा पाजायचा. मग स्वतःचा चहा.

कुत्री चार होती. राखी, तिचा भाऊ भुऱ्या, आणि त्या दोघांची पोरं जाई आणि ढवळ्या. चौघांचा रंग एकच, चुलीतल्या थंड राखेचा. कमरेत बारीक, पंजे मात्र रुंद, चिखलात न रुतणारे. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, राहणारी म्हणून लोक त्यांना खाजणी म्हणायचे. खाडीकाठी मिठागरं होती तेव्हा घरोघरी एक तरी खाजणी असायची. चोर आला तर ती भुंकत नसे. नुसती पुढ्यात येऊन उभी राहायची, आणि माणूस डावीकडे सरकला तर तीही डावीकडे सरकायची. मिठागरं गेली, राखण संपली, बाकीच्यांची खाजणी गावठी कुत्र्यांत मिसळून गेली. उरली ती फक्त धाकूच्या घरात.

धाकू म्हणजे सगुणाचे सासरे. वय ब्याऐंशी. ओळ त्यांनी राखली होती. ते 'जात' म्हणत नसत, 'ओळ' म्हणत. सगुणाचा नवरा जगन अकरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा दिवसकार्याला जमलेले भाऊबंद घर विकायच्या गोष्टी करायला लागले. ती पांढऱ्या कपाळाने कोपऱ्यात बसली होती. धाकू उठले, राखीच्या आजीची दोरी आणून सगुणाच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून ओळ हिच्या हवाली. ओळ हाय तवर ही हाय, आन् ही हाय तवर घर हाय."

दहावी शिकलेल्या, माहेरी कुणी न उरलेल्या बाईला त्या दोरीने घर दिलं होतं. म्हणून ओळ तुटू द्यायची नाही, हे तिने मनाशी धरलं ते धरलंच.

२

पिल्लू निवडायची धाकूची एक रीत होती. चाळिसाव्या दिवशी ते अंगणात पोत्यावर बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. सासू, गोदूबाई, होती तोवर ती एकेक पिल्लू त्यांच्या उजव्या हातात द्यायची. ते पाठ चाचपायचे, पंजे दाबायचे, मान हातात घ्यायचे. बोटं मिटली, तर पिल्लू ठेवायचं. बोटं उघडली, तर ते द्यायचं. दिलेल्या पिल्लाचं पुढे ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे ओळ बाहेर सांडत नाही.

"डोळं फसवतान," ते म्हणायचे. "हात नाय फसवीत."

सहा वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. 'चाय', 'नाय', 'चल' आणि 'सगुणे' एवढे चार शब्द उरले. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. त्याच महिन्यात घरात पाच पिल्लं होती. आता निवड कोण करणार? सगुणाचा मुलगा सर्वेश तेव्हा वीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "आई, हात तर आहे ना आजोबांचा. आपण पिल्लू देऊन बघू."

त्यांनी धाकूंना खाटेवर उशाला टेकवून बसवलं. वळलेली बोटं हलकेच सोडवून त्यांत एकेका पिल्लाची मान दिली आणि थांबले. तीन पिल्लांना बोटं सैल पडली. दोघांना ती घट्ट मिटली. इतकी घट्ट, की पिल्लू सोडवताना सर्वेशला जोर करावा लागला.

"समजतं त्यांना," सगुणा डोळे पुसत म्हणाली. "सगळं समजतं."

ती दोन पिल्लं म्हणजे राखी आणि भुऱ्या. ठेवल्यावर दोन दिवसांनी, कान साफ करताना, सगुणाच्या लक्षात आलं. दोघांचाही डावा कान टोकापासून बोटभर चिरलेला होता. जखम नव्हती, खपली नव्हती. कडा गुळगुळीत, मऊ केसांनी भरलेल्या. जन्मतःच तसा.

ओटीवर एक जुना फोटो आहे. तरुण धाकू मिठागराच्या बांधावर उभे आहेत आणि पायाशी साळू. सगळ्या ओळीची मूळ आई. तिचा डावा कान असाच चिरलेला. पण तो धाकूंनी स्वतः कोयत्याने चिरला होता, दुसऱ्या कुणी तिला आपली म्हणू नये म्हणून. गोदूबाईनेच हे सगुणाला सांगितलं होतं. पुढे साळू कधीतरी खाडीपलीकडे गेली ती आलीच नाही, आणि धाकू आठ दिवस जेवले नाहीत, हेही.

सगुणा बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. कापलेला कान कसा जन्माला येईल? माणसाचं बोट तुटलं म्हणून त्याची पोरं तुटक्या बोटाची होत नाहीत. एवढं तिला दहावीच्या शाळेनेही शिकवलं होतं.

वर्तकनगरहून साकेत डॉक्टर यायचे. जनावरांचे डॉक्टर, आणि खाजणीच्या प्रेमात पडलेला माणूस. त्यांनी कान उलटासुलटा करून पाहिला. "असते कधीकधी जन्मतः फट. योगायोग आहे, वहिनी. पण छान योगायोग आहे. मूळ कुत्रीची खूणच परत आली म्हणा ना."

योगायोग म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

३

राखी आणि भुऱ्याला तीन पिल्लं झाली. बाहेरचं रक्त घ्यायचं नाही हा धाकूंचा नियम, आणि बाहेर शुद्ध खाजणी उरलीही नव्हती. पाचाची तीन झाली, तेव्हा साकेत डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यात असं होतं, काळजी घ्या.

पुन्हा खाट, पुन्हा उशी. एका पिल्लाला बोटं उघडली. दोघांवर मिटली. या वेळी धाकूंच्या कपाळावर घाम आला होता. तो आनंदाचा, असं सर्वेश म्हणाला. आणि मोबाइलमध्ये त्याने व्हिडिओही काढला.

त्या दोघांना, जाईला आणि ढवळ्याला, चिरलेला कान तर होताच. शिवाय मानेभोवती एक बिनकेसांचं कडं होतं. करंगळीएवढं रुंद. जाड काथ्याची दोरी घासून पडतं तसं. पण त्यांच्या गळ्यात अजून दोरी पडलीच नव्हती. सगुणाने तिथं तेल लावलं, हळद लावली, साकेत डॉक्टरांचं मलम लावलं. केस आले नाहीत.

फोटोत साळूच्या गळ्यात काथ्याची दोरी आहे. ते सगुणाने मुद्दाम जाऊन पाहिलं नाही. तिला पाठ होतं.

"आता तीन पिढ्यांत खुणा टिकल्या ना, की आपण वेगळी जात म्हणून नोंद करायला अर्ज करू शकतो," साकेत डॉक्टर उत्साहाने सांगत होते. "अजून एक पिढी वहिनी, फक्त एक. नोंद झाली की खाजणी मरत नाही. मग नाशिकपासून गोव्यापर्यंत लोक पाळतील तिला."

"आई, ऐकतेस ना?" सर्वेश म्हणाला. "आजोबांच्या तरुणपणापासूनचं आहे हे. आपल्या घरावर बोर्ड लागेल."

सगुणाने मान हलवली. तिला खरंच आनंद झाला होता. तरी त्या दिवशी कण्या ढवळताना तिने पहिल्यांदा एक गोष्ट पाहिली. अंगणात चौघं बसली होती, जेवणाच्या पातेल्याकडे पाठ करून. त्यांची तोंडं धाकूंच्या खोलीकडे होती. खिडकी बंद होती. चौघं त्या बंद खिडकीकडे बघत होती.

तिने पातेलं वाजवलं. एकही वळलं नाही.

४

या वर्षी जाईला एकच पिल्लू झालं.

सगुणाने ते कोमट फडक्याने पुसलं, तेव्हाच तिला कळलं होतं, पण तिने स्वतःला सांगितलं की ओल्या केसांत असं दिसतं. चिरलेला कान, गळ्याभोवती कडं, आणि कड्याच्या वर, गळ्यावर, पाच ठिपके. चार एका अंगाला, एक दुसऱ्या अंगाला. बिनकेसांचे, लांबट. पिल्लू वाढेल तसे ते वाढत गेले.

फोटोत असे ठिपके नव्हते. तिने या वेळी खुर्चीवर चढून, काच पुसून, नीट पाहिलं.

तीन आठवड्यांचं झालं तेव्हा एका सकाळी ती पिल्लाला मांडीवर घेऊन बसली आणि आपला हात त्याच्या गळ्याशी नेला. का नेला, ते तिलाही सांगता आलं नसतं. चार बोटं एकीकडे, अंगठा दुसरीकडे. बसेनात. तिची बोटं लहान पडत होती. करंगळीच्या ठिपक्याला तर पोचतही नव्हती.

मग सर्वेश आंघोळ करून आला, तेव्हा तिने त्यालाही म्हटलं, "जरा हात ठेव रे इथं."

"काय गं?"

"ठेव तर."

त्याने ठेवला. त्याचाही बसला नाही. "काय बघतेस तू? ब्लडप्रेशरची गोळी घेतलीस का?" तो हसला आणि पिल्लाला गुदगुल्या करून कामाला निघून गेला. पिल्लू हललं नाही. सर्वेशचा हात निघाला तरी मान तशीच वर धरून राहिलं होतं.

चाळिसाव्या दिवशी, रविवार होता म्हणून, साकेत डॉक्टर कॅमेरा घेऊन आले. निवड करायला एकच पिल्लू, म्हणजे निवड कसली, पण रीत ती रीत. सर्वेशने आजोबांना बसवलं. बोटं सोडवली आणि पिल्लाची मान दिली.

हात मिटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगुणा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिथून तिला हाताची आतली बाजू दिसत नव्हती, धाकूंचा चेहरा दिसत होता. ते तिच्याकडे बघत होते. तोंड उघडून ते काहीतरी जुळवायला बघत होते आणि त्यांना तो शब्द सापडत नव्हता.

"नाय," ते म्हणाले. "नाय. नाय. नाय."

"दमले आजोबा," सर्वेश म्हणाला.

५

ठाकुर्लीहून माया यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी, धाकूंच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला. तिशीची, खणखणीत आवाजाची मुलगी. पहिल्या वेळच्या पिल्लांतलं एक, बोटं उघडलेलं, तिनेच नेलं होतं. त्याचं नाव तिने राजा ठेवलं होतं.

त्या मंगळवारी रिक्षाने येताना ती राजाला घेऊन आली. "घरी रंग लावतायत, काकी. बांधायला जागाच नाही. बसेल गप इकडे."

राजा सहा वर्षांचा दांडगा कुत्रा झाला होता. दोन्ही कान अखंड. गळा केसाळ, भरलेला. तो सरळ धाकूंच्या खोलीत गेला, शेपूट हलवली आणि खाटेवर तोंड ठेवलं. सगुणा दचकली. तिची स्वतःची चार कुत्री सहा वर्षांत कधी खाटेजवळ गेली नव्हती. बाहेरून बघत बसायची.

धाकूंची वळलेली मूठ राजाच्या डोक्याला टेकली आणि हळूहळू, एकेक करून, बोटं उघडली. पंजा पुरा सपाट झाला. धाकूंनी डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या उतरल्या. इतका शांत चेहरा सगुणाने झटका आल्यापासून पाहिला नव्हता.

"वाह, बाबा!" माया म्हणाली. "मी इतकी वर्षं खपते ना काकी, तरी एवढा हात सोडत नाहीत. आज बघा."

"पण राजाला तर त्यांनी नापसंत केलेलं," सगुणा म्हणाली. "हात उघडला होता त्याला. म्हणून तर तुला दिला."

"म्हणजे?"

सगुणाने रीत सांगितली. मिटला तर ठेवायचं, उघडला तर द्यायचं. माया ऐकत होती. तिच्या हातातलं तेल तसंच राहिलं.

"काकी, झटक्याआधी ठीक होतं ते. तेव्हा हात त्यांच्या ताब्यात होता." ती खाटेच्या कडेला बसली. "आता असा हात आपणहून मिटतो ना, तो काही 'हो' म्हणून नाही मिटत. माणूस घाबरला, की असा हात आवळतो. जास्त घाबरला, की जास्त आवळतो. बरं वाटलं, भीती गेली, की सुटतो. माझे सगळे पेशंट असेच आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सगुणाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

माया गेली. सगुणा ओटीवर बसून राहिली. ज्यांना बघून म्हातारा निवांत झाला, ती सगळी पिल्लं तिने वाटून टाकली होती, ऑपरेशन करून. आता त्यांच्यापासून काही होणार नव्हतं. आणि ज्यांना हात लागताच तो घाबरला, तेवढी तिने नेमकी वेचून ठेवली. त्यांचं त्यांच्याशीच लावलं. त्यांच्या पोरांतूनही पुन्हा जास्त घाबरवणारी वेचली. घाम फुटेस्तोवर. सहा वर्षं, कण्या आणि सुकट घालून, तेल-हळद लावून, तिने काय वाढवलं होतं?

आणि पिल्लांना बघून ऐंशी ओलांडलेला, अख्खा जन्म कुत्र्यांत काढलेला माणूस का घाबरावा?

म्हातारपणी डोकं फिरतं, तिने स्वतःला सांगितलं. माया काही डॉक्टर नाही. अंगणातून कसलाच आवाज येत नव्हता.

६

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला ती कपडे वाळत घालून आत आली. ऊन कडक होतं, इमारतीच्या काचांवरून उलटून अंगणात पडत होतं. अंगण रिकामं होतं. तिला वाटलं, कुत्री मागच्या सावलीत गेली असतील. स्वयंपाकघरात जाताना धाकूंच्या खोलीचं दार चार बोटं उघडं दिसलं. ते तिने बंद केलं होतं.

तिने दार ढकललं नाही. फटीतून पाहिलं.

चौघं भिंतीशी ओळीने बसली होती. राखी, भुऱ्या, जाई, ढवळ्या. वयाप्रमाणे. निवडीच्या दिवशी घरची माणसं बसतात तशी, समोर बघत. धाकू उताणे होते. डोळे सताड उघडे. उजवा हात खाटेच्या कडेवर, मूठ वळलेली.

पिल्लू खाटेपाशी आलं. मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याने नाक त्या मुठीत घातलं आणि एक बोट उचललं. मग दुसरं. घाई नव्हती. सगुणा सर्वेशला शिकवायची तसंच, हलक्या हाताने सोडवावं तसं. चारही बोटं उघडल्यावर त्याने मान आत सारली. नीट बसली नाही. त्याने मान काढली, थोडी फिरवली, पुन्हा सारली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा ती बसली. प्रत्येक बोटाखाली एकेक ठिपका दिसेनासा झाला.

मग ते थांबलं. चौघंही थांबली होती.

हात मिटायला लागला. धाकूंच्या घशातून बारीक आवाज येत होता, दार किरकिरावं तसा. हात मिटत गेला आणि पिल्लू मागे सरलं नाही, उलट अंगाचा सगळा भार त्याने हातावर टाकला.

सगुणा आत घुसली. तिने दोन्ही हातांनी बोटं उचकटली. ती लाकडासारखी झाली होती. पिल्लू सुटलं, फरशीवर उभं राहिलं, अंग झाडलं. त्याला काहीही झालं नव्हतं. ते खोकलंही नाही. पाच जणं एकामागे एक दाराबाहेर गेली. जाताना तिच्या अंगाला न लागता.

"बाबा," ती म्हणाली. "साळूला काय झालं होतं?"

धाकू रडत होते. चार शब्दांत सांगता येईल असं ते नव्हतं.

७

साकेत डॉक्टर रविवारी कागद घेऊन आले. फीत काढून त्यांनी पाचही जणांची उंची, छाती, पंजे मोजले. कुत्री मुकाट उभी राहिली. सर्वेश लिहून घेत होता.

"वहिनी, मला विश्वास बसत नाहीये. खुणा एकदम पक्क्या झाल्यात. कान, कडं, आणि आता गळ्यावरची ही पाच. पुढच्या पिढीत सगळ्यांना येतील बघा. आपण अर्जात हेच लिहितोय, की खाजणी ओळखायची ती या खुणांवरून. ज्याला या नाहीत, तो खाजणी नाही."

"राजा?" सगुणाने विचारलं. "मायाकडचा?"

"तो आता या व्याख्येत बसत नाही. चांगला कुत्रा आहे, पण राखाडी गावठी."

"म्हणजे जो जो पाळेल, तो हीच खूण बघून निवडणार. पुढेही."

"अर्थात. जात अशीच टिकते."

त्यांनी कागद पुढे केला. ओळ तिच्या हवाली होती, म्हणून सही तिची लागणार होती. सगुणाने पेन घेतलं. तिला नाशिक दिसलं, गोवा दिसला, न पाहिलेली घरं, अंगणं, चाळिसावा दिवस, आणि माणसं हसत हसत मान वेचतायत. तिला जगनचे दिवसही दिसले आणि हातात आलेली ती दोरी. सही नाही केली, तर त्या दोरीचं टोक इथंच संपणार होतं. तिच्याच हातून.

"नाही करायची मला," ती म्हणाली.

"आई!"

"ओळ थांबवायची. राखीचं आणि जाईचं ऑपरेशन करायचं. नरांचं पण. पिल्लाचं वय झालं की त्याचंही."

सर्वेशने कागद आपटला. "वेड लागलंय का तुला? आजोबांनी आयुष्य घातलंय यात! तू कोण थांबवणारी? तू बाहेरून आलेली!"

सर्वेश स्वतःच्याच बोलण्याने पांढरा पडला. सगुणाला लागलं, पण तिला वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

"बाहेरून आले म्हणूनच मला थांबवता येतंय," ती म्हणाली.

साकेत डॉक्टरांनी ऑपरेशन करायला नकार दिला. पाप आहे, म्हणाले. तिने कल्याणच्या एका डॉक्टरांकडे टेम्पो करून चौघांना नेलं. एकानेही त्रास दिला नाही. टेबलावर स्वतः चढली.

परत आल्यावर ती धाकूंपाशी गेली. "बाबा, थांबवलं मी. पुढे काही नाही आता. हीच शेवटची." त्यांचा हात तिने हातात घेतला. तो सुटेल, असं तिला वाटलं होतं. धाकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. ती मान 'बरं केलंस' अशी नव्हती. दूर जायच्या गाडीची वेळ कुणी येऊन सांगावी, आणि आपण ती ऐकून घ्यावी, तशी होती.

८

टाके सुकेपर्यंत कुत्री अंगणात होती. अकराव्या दिवशी त्यांनी जेवण टाकलं. बाराव्या दिवशी सगुणा बाजारातून आली तर पाचही जणं धाकूंच्या खोलीत होती. तिने ओढून बाहेर काढली. ती मुकाट बाहेर आली. एकाला बाहेर काढून दुसऱ्याला धरेपर्यंत पहिलं आत गेलेलं असायचं. तिने दोऱ्या बांधल्या. दुपारी दोऱ्या तशाच गाठींसकट पडलेल्या होत्या.

आधी ती थांबून होती, सगुणाच्या मनात आलं. एका पिढीत कान, एका पिढीत गळा. त्यांना घाई नव्हती. पुढे पोरं होणार होती, पोरांची पोरं. आता पुढे कुणी नव्हतं. जे काय व्हायचं, ते या पाचांनाच करायचं होतं.

तिने तो विचार झटकला. मुकी जनावरं. टाके दुखत असतील म्हणून माणसाजवळ जातात.

तेराव्या दिवशी, चार वाजता, सर्वेश कामावर असताना, ती चहा घेऊन गेली. कुत्री खाटेभोवती होती. पिल्लू खाटेवर होतं, धाकूंच्या छातीवर, तोंडासमोर तोंड. सगुणाने कप खाली ठेवला आणि पिल्लाला उचलायला हात घातला.

धाकूंच्या चांगल्या, डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"बाबा, काढते मी त्यांना. मायाला बोलावते. राजाला आणायला सांगते."

"नाय," धाकू म्हणाले.

ते घाबरलेले होते. तिला ते स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि त्याच हाताने दाराकडे दाखवलं. आधी तिच्याकडे, मग दाराकडे.

सहा वर्षं तिने या माणसाची कूस बदलली होती, घास भरवला होता. त्याला काय हवं ते तिला शब्दांवाचून कळायचं. हेही कळलं. ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. तळहात दारावर ठेवून उभी राहिली.

आत आधी काहीच नव्हतं. मग खाट करकरली. नखांचा आवाज, चादर सरकल्याचा. आणि मग धाकू बोलायला लागले.

चार शब्दांचा माणूस बोलत होता. अडखळत नव्हता. खालच्या आवाजात, खाडीकाठच्या जुन्या बोलीत, आपल्या माणसांपाशी बसून बोलावं तसा, सलग. मध्येच थांबायचा, कुणी काही विचारल्यासारखा, आणि उत्तर दिल्यासारखा पुढे बोलायचा. सगुणाला एक वाक्य कळलं. "माज्या हातावं चाटीत व्हती साळू, तवा पन." मग दुसरं सुरू झालं आणि तेही तिला कळायला लागलं.

तिने हात दारावरून काढला.

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर मिक्सर होता. तिने भांडं बसवलं, झाकण दाबलं आणि बटण पुरं फिरवलं. घरभर घरघर भरली. खिडकीच्या तावदानाला लागली, भांड्यांना लागली. तिने झाकणावरचा हात उचलला नाही. मिक्सर तापला, जळका वास यायला लागला, तरी नाही.

भांड्यात काही नव्हतं. मिक्सर बंद केला असता, तर आत बोलणं चालू आहे की थांबलं, ते तिला कळलं असतं.